मुद्दाम चुकणारी रुद्रम्मा

मुरूमच्या पेठेत चुका करणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या. पण चुका करून नाव काढलेली बाई एकच, रुद्रम्मा. तिनं अंगणात रांगोळी घातली की एक ठिपका हमखास राहिलेला. जात्यावर ओवी म्हटली की दुसरी ओळ भलत्याच ओवीची. नवखा पाहुणा ओट्यावर बसून हे बघायचा आणि दबक्या आवाजात शेजाऱ्याला विचारायचा, "बाईला जरा कमी हाय का?" शेजारी गालातल्या गालात हसायचा. "कमी? अवो, आख्ख्या पेठेला पुरून उरंल एवढं हाय. बसा जरा, कळंल."

ही विद्या ती माहेराहून घेऊन आली नव्हती. तिचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. बाराव्या वर्षी लग्न होऊन ती मुरूमला आली तेव्हा चुका आपोआप होत होत्या, त्यासाठी वेगळे कष्ट पडत नव्हते. त्या सुधारायला सासू होती. सासूचं नाव शांतम्मा. रुद्रम्मा तिला 'आत्ती' म्हणायची.

शांतम्मा काय चीज होती हे आधी सांगायला हवं. प्लेगच्या साथीत तिचे सासू-सासरे आणि नवरा एका पंधरवड्यात गेले. मागं राहिली ती, कडेवरचा बसवराज आणि नऊ वर्षांचा दीर माणिकप्पा. शेत होतं, पेठेत मिरची-मसाल्याचं दुकान होतं, आणि दोन्हींवर डोळा ठेवून भाऊबंद बसले होते. शांतम्मानं पदर खोचला. दिराचा हात धरला, पोराला काखेला मारलं आणि सरळ शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिली. माणिकप्पानं तिला कधी वहिनी म्हटलं नाही. अव्वा म्हटलं, कानडीत अव्वा म्हणजे आई. आणि या सगळ्या धबडग्यात ती गायची. नागपंचमीचा फेर असो, लग्नाचा चुडा असो, तिनं आवाज लावल्याशिवाय पेठेतल्या बाया तोंड उघडत नसत.

पुढं बसवराज, म्हणजे रुद्रम्माचा नवरा, सोलापूरला गिरणीत लागला आणि वर्षातून दोनदा घरी येऊ लागला. रुद्रम्माच्या दोन्ही लेकी नांदायला गेल्या. माणिकप्पाची बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. तो आणि दुकान, एवढाच त्याचा संसार. माणूस सचोटीचा, पण ताठ्याचा. त्याला चूक कबूल करताना कुणी पाहिलं नव्हतं. तराजू एकवेळ चुकेल, माणिकप्पा चुकायचा नाही, असं लोक म्हणत. हे कौतुक की टोमणा, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळेनासं झालं होतं, त्या सुमारास शांतम्माला विसर पडायला लागला. आधी आमटीत दोनदा मीठ पडलं. मग किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या. मग एका सकाळी तिनं रुद्रम्माला विचारलं, "शिवगंगे, कवा आलीस गं?" शिवगंगा ही शांतम्माची बहीण. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती.

लोक म्हणाले, म्हातारचळ. जंगमांनी विभूती दिली, कुणी ताईत बांधला, कुणी धुरी दिली. धुरीनं घरातले डास गेले, विसर काही गेला नाही. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण शांतम्मापुढं वाकून एकच प्रश्न विचारायचा, "शांतम्मा, मला वळखलं का?" ती बिचारी त्या तोंडाकडं बघत राहायची. ओठ हलायचे, नाव यायचं नाही, डोळ्यांत पाणी यायचं. पाहुणा उसासा टाकून चहा पिऊन जायचा. रुद्रम्माला त्या पाहुण्यांचा असा राग यायचा की कपबशीसकट त्यांना ओट्याखाली ढकलावं.

एके दिवशी बाजाराच्या गर्दीत शांतम्मा दुकानात शिरली. दहा गिऱ्हाइकं उभी होती. तिनं गादीवर बसलेल्या माणिकप्पाकडं पाहिलं आणि कडाडली, "कोण रं तू? आमच्या गादीवर कसा बसलास? ऊठ!" गिऱ्हाइकं हसली. माणिकप्पा हसला नाही. तो उठला, तिला घरात घेऊन आला, मागच्या खोलीत बसवलं, आणि सुताराला बोलावून त्या दाराला बाहेरून कडी मारून घेतली. त्या दिवसापासून तो त्या खोलीकडं फिरकला नाही. लोकांना वाटलं, फजितीचा राग आलाय. रुद्रम्मालाही तेच वाटलं.

कडी लागली तशी शांतम्मा अधिकच बिघडली. दार बडवायची, रडायची, शेवटी गप्प बसायची. गप्प बसणं सगळ्यांत वाईट होतं. आणि एक दिवस रुद्रम्माच्या कानावर आलं, की माणिकप्पानं गाडीवानाशी बोलणं केलंय. लांब डोंगराकडं कुठंतरी एक ठिकाण होतं, तिथं चळ लागलेल्या माणसाला खांबाला बांधून ठेवायचे आणि उतारा व्हायची वाट बघायचे. बांधलेल्यांपैकी किती परत आले, हे कुणी सांगत नव्हतं.

त्याच आठवड्यात पहाटे रुद्रम्मा जात्यावर बसली होती. डोकं ठिकाणावर नव्हतं. हात सवयीनं फिरत होता आणि तोंडातून ओवी चालली होती:

दारी थांबली गं गाडी, घोड्याच्या पाठी झुली
भाऊ आला म्हणून मी...

"घोडा न्हाय गं!" मागच्या खोलीतून आवाज आला. खणखणीत, जुना आवाज. "बैल! घोड्याला झूल आनि बैलाला खोगीर घालतीस काय, येडे? नीट म्हन!" आणि शांतम्मानं स्वतःच ओवी उचलली:

दारी थांबली गं गाडी, बैलाच्या पाठी झुली
भाऊ आला म्हणून मी घोंगडी हाथरिली

ती एकावर थांबली नाही. पुढच्या सात ओव्या, एकही शब्द न चुकता, कडी लावलेल्या दाराआडून आल्या. रुद्रम्माचा हात जात्याच्या खुंट्यावरच राहिला. गेल्या चार महिन्यांत सासू सलग सात शब्द बोलली नव्हती. रुद्रम्मा उठली, कडी काढली, आणि पदराला डोळे पुसत म्हणाली, "व्हय की आत्ती, चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा कडी काढून सासूला जात्यासमोर आणून बसवलं आणि मोठ्या आशेनं विचारलं, "आत्ती, कालची ओवी म्हना की." शांतम्मा टकामका बघत बसली. रुद्रम्मानं पुन्हा विचारलं. डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा रुद्रम्माच्या डोक्यात प्रकाश पडला. विचारलं की कुलूप लागतं. चुकलं की उघडतं! तिनं बैलाला पुन्हा घोडा केला. झालं, सासू चवताळली आणि गायला लागली.

मग काय, रुद्रम्मानं चुकांचा कारखानाच काढला. सात ठिपक्यांच्या रांगोळीत एक ठिपका गाळला. शांतम्मानं तिचा हात बाजूला सारला, चिमटीत रांगोळी धरली आणि ठिपका बरोबर जागी टाकला, वर त्याच्याभोवती कमळ काढलं. वातीला उलटा पीळ दिला. शांतम्मानं ती उसवून पन्नास वाती वळल्या. सगळ्याच चुका फळल्या असं नाही. एकदा रुद्रम्मानं इष्टलिंगाच्या पूजेत बेल उलटा ठेवला, तर सासूनं ताम्हनच भिरकावलं. देवाच्या कामात खोड्या नकोत, हे रुद्रम्मा शिकली. आणखीही शिकली. चूक एका वेळी एकच करावी. दहा केल्या तर म्हातारं माणूस घाबरतं. चूक अशा गोष्टीत करावी की जी त्या माणसाच्या हाडात मुरलेली आहे. चूक काढल्यावर हसू नये. आणि मनापासून म्हणावं, "चुकलं." हे शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. रोज वीस वेळा चुकलं म्हणायला जीभ नाही, जिगर लागते.

मार्गशीर्ष लागला. येळवस जवळ आली. आपल्या भागाबाहेरच्या माणसाला येळवस सांगावी लागते: मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात. ज्वारी कमरेएवढी झालेली असते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, त्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव मांडायचे, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं आंबिलीचं मडकं घेऊन आरोळ्या देत बांधाबांधानं फेरा मारून उभ्या पिकावर आंबील शिंपडायची. ज्याला शेत नाही त्याला बोलवायचं, ओळख नसलेल्यालाही पानावर बसवायचं. म्हणजे इज्जत दाखवायची ती त्याच दिवशी आणि जायची तीही त्याच दिवशी.

रुद्रम्मा डोक्यावरचा पदर सावरून दुकानाच्या मागच्या दारात उभी राहिली. "मामंजी, येळवसला आत्तींना शेतात न्यायचं म्हन्ते मी."

माणिकप्पानं वर पाहिलं नाही. "पाव्हन्यांसमोर तमाशा करायचाय का?"

"त्या गातात, मामंजी. रोज गातात. येऊन तर बगा."

"मला काय बगायचं न्हाय." तो मिरच्यांच्या पोत्याचं तोंड शिवत होता, दाभण बोटाला टोचलं तरी थांबला नाही. दोरा तोडून म्हणाला, "ने. चार माणसांत गायल्या, नीट राहिल्या, तर दाराची कडी कायमची काढतो. न्हाय तर दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायची. मग तू मधी बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलनार," रुद्रम्मा म्हणाली. तिला खात्री होती. पंधरा दिवस ती रोज तीच ओवी रोज त्याच ठिकाणी चुकली आणि रोज शांतम्मानं तिला रागावून बरोबर केलं. पेरलेलं उगवणारच, असा तिचा हिशेब होता.

येळवसच्या दिवशी शेतात साठ-सत्तर माणूस जमलं. थंडी निवळून ऊन मऊ झालं होतं. शांतम्माला नवं इरकल नेसवून कोपीपुढं घोंगडीवर बसवलं. तिनं ज्वारीवरून हात फिरवला आणि कुणालातरी विचारलं, "आवंदा चांगली आलीया, न्हाय?" रुद्रम्माच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जेवणं उरकली, बाया गाण्याला बसल्या. माणिकप्पा मुद्दाम समोर येऊन उभा राहिला.

रुद्रम्मानं आवाज लावला. "दारी थांबली गं गाडी, घोड्याच्या पाठी झुली..."

आणि थांबली. शांतम्मा शांत. दोन्ही हात मांडीवर, नजर ज्वारीकडं.

रुद्रम्मानं पुन्हा ओळ म्हटली. या वेळी गाडीसुद्धा चुकवली. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं तोंडाला पदर लावला. शांतम्मा हू का चू करेना. रुद्रम्मानं ती तिसऱ्यांदा म्हटली. माणिकप्पानं मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं भाकीत खरं ठरल्याचं दुःख असतं, तसलं काहीतरी होतं. तो मडकं आणायला कोपीकडं निघून गेला.

तेवढ्यात शांतम्मा रुद्रम्माच्या कानाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "घोडा न्हाय गं, बैल. पन र्‍हाऊ दे, घरी गेल्यावर सांगते. चार मानसांत सुनंची चूक काडू न्हाय."

रुद्रम्माला कळेना, हसावं की रडावं? वर्षभरात पहिल्यांदा सासूनं तिला सून म्हटलं होतं, शिवगंगा नव्हे. सगळी शुद्ध हरपलेली ही बाई सुनेची लाज राखायचं तेवढं विसरली नव्हती! आणि त्याच भल्या रीतीनं तिचा घात झाला होता. घरात चुका काढून घेणं सोपं होतं. इथं सत्तर माणसं होती. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही म्हणून रुद्रम्मानं स्वतःला शंभर शिव्या दिल्या. आता हे माणिकप्पाला सांगावं, तर कोण विश्वास ठेवणार? कानात बोलल्या म्हणे! उद्या गाडी जुंपणार, आणि आपण मधे बोलायचं नाही असा शब्द दिलेला. तिनं सासूचा हात घट्ट धरला आणि तिला रडू फुटलं.

माणिकप्पानं मडकं उचललं. माणसं त्याच्या मागं उभी राहिली. त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, हे लांबूनही दिसत होतं. या शेताचा फेरा पिढ्यान्‌पिढ्या उगवतीच्या बांधावरल्या बाभळीपासून सुरू व्हायचा. माणिकप्पानं मात्र मडकं खांद्याला लावलं आणि मान खाली घालून विहिरीच्या दिशेनं, म्हणजे चक्क मावळतीला चालायला लागला. पाव्हण्यांना काय माहीत. तेही मागं निघाले.

रुद्रम्माच्या हातातून सासूचा हात सुटला.

"माणक्या!"

शेतातले पारवे उडाले. शांतम्मा उभी होती. "ए माणक्या! मावळतीला तोंड करून कुठं निघालास? मोठी मानसं गेली म्हून रीत गेली का? आदी उगवतीचा बांध, बाभळ, मग हीर! कितींदा सांगायचं? फीर माघारी!"

माणिकप्पा जागच्या जागी थिजला. पन्नाशीचा माणूस, पेठेतला मोठा दुकानदार. सत्तर लोकांदेखत त्याला कुणी माणक्या म्हटलं होतं. तो हळूहळू वळला. आंबील हिंदकळून त्याच्या धोतरावर सांडली होती. तो ज्वारीतून वाट काढत परत आला, शांतम्मापुढं उभा राहिला, आणि मुरूमच्या पेठेनं कधी न ऐकलेला शब्द त्याच्या तोंडून निघाला.

"चुकलं, अव्वा."

"चुकतंय तर चुकतंय. चल." तिनं मडक्याला हात लावला, दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि नऊ वर्षांच्या पोराला ढकलावं तसं त्याला पुढं ढकललं. बाभळीपाशी पोचल्यावर तिनंच पहिली आरोळी दिली. प्लेगनंतर माणिकप्पा मोठा होईपर्यंत दहा वर्षं हा फेरा तिनं घातला होता. घसा विसरला नव्हता. सत्तर माणसांनी ती आरोळी उचलली, शेजारच्या शेतातल्यांनी ती पुढं नेली. माणिकप्पा आंबील शिंपडत होता आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता. रुद्रम्माला तेव्हा कळलं, की कडी फजितीच्या रागानं लागली नव्हती. जिनं आई होऊन वाढवलं तिनं 'कोण रं तू' म्हणावं, हे त्याला बघवत नव्हतं. म्हणून त्यानं दाराआड ठेवलं होतं, ते तिला कमी आणि स्वतःच्या दुःखाला जास्त.

परतताना गाडीत शांतम्मानं त्याच्याकडं पाहिलं. "तू कोण रं बाबा?"

रुद्रम्माला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण माणिकप्पा म्हणाला, "मी? तुमचा गाडीवान, अव्वा. वाट चुकलो तर सांगा." आणि त्यानं बैल मुद्दाम डावीकडं वळवले. शांतम्मानं घरापर्यंत त्याला चांगलं फैलावर घेतलं.

घरी आल्याबरोबर, दिवे लागायच्या आत, त्यानं पहार घेतली आणि कडी चौकटीतून उपटून काढली. दोन भोकं राहिली. ती त्यानं बुजवू दिली नाहीत.

पुढची गंमत पेठेनं डोळ्यांनी पाहिली. शांतम्मासाठी दुकानाच्या दारात पाट मांडला गेला. कधी न चुकणारा माणिकप्पा आता हळदीच्या पुड्याला उलटी गाठ मारायचा. "अशी मारतात व्हय गाठ?" ती ओरडायची, पुडा हिसकून घ्यायची आणि बोटांनी अशी फर्मास गाठ मारायची की गिऱ्हाईक सोडताना वैतागावं. "चुकलं, अव्वा," माणिकप्पा म्हणायचा. पहिल्यापहिल्यांदा लोक हसले. मग हसायचे थांबले. मग एकेक जण आपल्या घरातलं म्हातारं घेऊन रुद्रम्माच्या ओट्यावर यायला लागला.

गोरोबा कुंभाराला त्याची सून घेऊन आली. त्याला स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं. रुद्रम्मानं मातीचा बैल केला आणि त्याला वशिंड केलंच नाही. गोरोबानं बराच वेळ बैलाकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं, आणि या बाईनं बैल कधी बघितलाच नसावा अशा कीवेनं त्यानं माती हातात घेतली. महिन्याभरात ओट्याच्या कडेनं एकवीस बैल उभे राहिले. धोंडप्पा एके काळी कोलाटाचा म्होरक्या होता. हातात टिपऱ्या घेऊन फेर धरून नाचायचा तो खेळ. आता त्याला जेवल्याची आठवण राहत नव्हती. रुद्रम्मा त्याच्यासमोर टिपऱ्या वाजवायची आणि चौथ्या ठोक्याला अडखळायची. धोंडप्पा बसल्या जागी टिपऱ्या घेऊन ताल दुरुस्त करायचा. मग शांतम्मा गायला लागायची, गोरोबा मान डोलवायचा. घरचे लोक विचारायचे, "रुद्रम्मा, आमचं म्हातारं बरं व्हईल का गं?" ती तोंडावर सांगायची, "न्हाय. पन तुमी त्याची परीक्षा घ्यायची सोडा. त्याला मास्तर करा आनि तुमी पोरं व्हा. दिवस चांगला जाईल. उद्याचं उद्या."

एकदा चावडीवरून एक जवान आला. त्या काळी निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तर इजाजत लागायची, आणि कुणीतरी चुगली केली होती. "क्या जलसा हो रा इधर?" तो दरडावून म्हणाला. रुद्रम्मानं ओट्याकडं बोट केलं. तीन म्हातारी माणसं, एकवीस मातीचे बैल. जवान बघत राहिला. धोंडप्पानं त्याला उभं राहण्याची रीत चुकल्याबद्दल झापलं, तसा त्यानं मुकाट्यानं पाय जुळवले. जाताना तो हळूच म्हणाला, "हमारी अम्मी भी ऐसीच हो गई, बाई. पहचानतीच नै."

"काय चांगलं यायचं त्यांना?"

"मेहंदी. सारे मोहल्ले की दुल्हनां को वोइच लगाती थी."

"मग घरी जाऊन तुमी त्यांच्या हातावर मेंदी काढा. वाकडी काढा," रुद्रम्मा म्हणाली. आठ दिवसांनी तो पुन्हा आला, इजाजतीचं नाव काढलं नाही, नुसता उजवा तळवा उघडून दाखवला. त्यावर मोर होता, अगदी पिसांसकट.

मग वाईट दिवस आले. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला गावं भीतीनं आक्रसली; त्या वर्षी येळवसला कुणी शेतात गेलं नाही. ओटा रिकामा झाला, पण घरात दार लावून ओव्या चालू राहिल्या. शांतम्मा हळूहळू बोलेनाशी झाली. तरी रुद्रम्मानं बैलाचा घोडा केला की तिची भुवई वर चढायची. श्रावणात एका सकाळी रुद्रम्मानं ओळ चुकवली आणि भुवई हलली नाही. रुद्रम्मानं मग ती ओवी बरोबर म्हटली, शेवटपर्यंत, आणि सासूचे डोळे मिटले.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. मार्गशीर्षात येळवस आली, तेव्हा दोन वर्षांचं उपाशी असल्यासारखं सगळं गाव शेतात लोटलं. माणिकप्पाच्या कोपीपुढं शंभरावर माणूस होतं. त्यानं मडकं उचललं, खांद्याला लावलं. मग, सगळ्यांच्या देखत, त्यानं मावळतीकडं तोंड केलं आणि विहिरीच्या वाटेनं दोन पावलं टाकली. आणि थांबला. पाठमोरा, मान किंचित कललेली, कान मागं.

ज्यांना ठाऊक होतं त्यांनी माना खाली घातल्या. कुणी हाक मारणार नव्हतं. हाक मारणारी गेली होती. त्यालाही हे माहीत होतं, तरी तो हलेना.

बायांच्या घोळक्यात रुद्रम्मा डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तीस वर्षांत तिनं चुलत सासऱ्यासमोर चारचौघांत आवाज चढवला नव्हता. सुनेनं तो चढवायचाही नसतो. ती उठली.

"मामंजी!" तिचा आवाज ज्वारीवरून सरळ गेला. "मावळतीला तोंड करून कुठं निघालात? आदी उगवतीचा बांध! कितींदा सांगायचं?"

माणिकप्पा वळला. डोळे भरले होते, पण तोंडावर हसू असं होतं की बघणाऱ्याला लाजल्यासारखं व्हावं.

"चुकलं, रुद्रम्मा," तो शंभर माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि बाभळीकडं चालायला लागला. रुद्रम्मानं पदर खोचला, मडक्याला हात लावला आणि पहिली आरोळी दिली.